लिफ्ट मला ओळखत नाही

प्रिय सोल्वेग,

शुक्रवारी तू कागदांवर सही करणार आहेस, हे मला काल तुझ्या आईकडून कळलं. कॉफीत बिस्किट बुडवता बुडवता, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं काकूंनी. पाचव्या मजल्यावरचं घर विकायला काढायचं आणि आपण कायमचं इथेच राहायचं. इथे म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या विभागातल्या त्या बंद दाराआडच्या खोलीत, जिथे खिडकी वीतभरच उघडते आणि बाहेरच्या दिवाणखान्यात टीव्ही दिवसभर कोणी बघत नसताना चालू असतो. म्हणाल्या, सोल्वेग तरी किती दमेल रे, तिचं माल्म्यो काय हाकेच्या अंतरावर आहे का. मी मान डोलावत बसलो. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

तुला मी तीनदा फोन लावला. एकदा तू उचललास आणि मी तुझ्याशी सतरा मिनिटं बर्फाबद्दल बोललो. तू विचारलंसही, हेनिंग, तुला काही सांगायचंय का? मी म्हटलं, छे, सहजच केला. पन्नास वर्षं ओळखतेस मला, सहज म्हणून मी कधी कोणाला फोन केलाय? म्हणून आता कागद घेतलाय. अक्षर लागणार नाही, पण शाळेत माझ्या वहीतून गणितं उतरवताना लावून घ्यायचीस ना, तसंच लावून घे. आणि शेवटपर्यंत वाच. मधेच फेकून द्यावंसं वाटेल, तरी वाच.

आधी काकूंचं सांगतो. त्यांच्या त्या विभागाच्या दाराला आकड्यांचं कुलूप आहे, तू पाहिलंसच. आकडा दाराच्या वरच कागदावर लिहिलाय, फक्त उलटा. ज्यांना तो सुलटा करता येत नाही ते आतले, ज्यांना येतो ते पाहुणे, अशी एकंदर व्यवस्था. काल मला सोडायला काकू दारापर्यंत आल्या. मी खिशात चष्मा चाचपत होतो, तर त्यांनीच सांगितलं, चार-सात-एक-नऊ, दाब. म्हटलं, काकू, तुम्हाला आकडा येतो? म्हणाल्या, पहिल्याच दिवशी वाचला, न वाचायला काय झालं. मग तुम्ही बाहेर का पडत नाही, असं विचारल्यावर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना चोरी करायला सांगतोय. अरे, लोकांनी ठरवलंय ना आता, म्हणाल्या. ठरल्यावर असं उठून जायचं नसतं.

तुझ्याकडच्या फायलीत काय लिहिलंय ते तूच मला वाचून दाखवलं होतंस. रुग्णाची समजूत आहे की लिफ्ट माणसं ओळखते. लिफ्टने आपल्याला ओळखणं सोडलं, असं ती सांगते. ही आपल्याला झालेली शिक्षा आहे, असं तिला वाटतं. वृद्धांची देखभाल ठरवणाऱ्या नगरपालिकेच्या बाईंनी त्या तीन वाक्यांखाली रेघ मारलीय. त्या तीन वाक्यांपायी तुझ्या आईचं घर जातंय. बाकी सगळ्यात काकू ठणठणीत आहेत. तारीख सांगतात, पंतप्रधान सांगतात, सातच्या पाढ्यात तर त्या बाईच अडखळल्या म्हणे.

आता काय झालं ते सरळ सांगतो, कारण तुला अर्धंच माहीत आहे. जानेवारीतल्या त्या सोमवारी काकूंची धुण्याची पाळी होती, दहा ते एक. आपल्या इमारतीत एक वेळ माणूस मेलेला चालेल, पण धुलाईघराची पाळी उलटलेली चालत नाही, हे तुला सांगायला नको. खुबा दुखत होता, वाळवणाच्या खोलीतून चादरी काढून घड्या घालायला वेळ लागला. वीस मिनिटं उशीर. त्रेसष्ट वर्षांत पहिला. तेवढ्यात कोणीतरी चिठ्ठी चिकटवून मोकळं झालं होतं: ज्यांना घड्याळ कळत नाही त्यांनी घरी बादलीत धुवावं, ही शेवटची समज. खाली सही नाही. सही कधीच नसते; समोरासमोर आलं की हीच माणसं गोड हसून रामराम करतात. काकूंनी चिठ्ठी काढली, चार घड्या केल्या आणि पर्समध्ये ठेवली.

मंगळवारी सकाळी दूध आणायला निघाल्या आणि पाचव्यावरच्या लिफ्टच्या खांबाला बिल्ला टेकवला, तर लाल दिवा. तो निळा बिल्ला तू पाहिलायस. चौकातली मंडळी थंडीची लिफ्टमध्ये बसून बियर प्यायला लागली, तेव्हापासून दोन वर्षं झाली, बिल्ल्याशिवाय लिफ्ट जागची हलत नाही. बाकी खालच्या दाराला आकडे आहेत आणि धुलाईघराच्या पाळ्या लावायला तो जुना लाकडी फळाच. बिल्ला फक्त लिफ्टला. काकूंनी दोन आणि दोन चार केले. काल उशीर केला, आज बिल्ला बंद. शेवटची समज दिलीच होती, म्हणजे झाली शिक्षा. दुसरं कोणी असतं तर समितीला फोन करून चांगली खरडपट्टी काढली असती. काकू लाजल्या. मला परवा सांगत होत्या, फोन करायचा म्हणजे चादरी वेळेत आवरत नाहीत हे कबूल करायचं, आणि एकदा ते कबूल केलं की लोक म्हणणार, म्हातारीला एकटं राहणं झेपत नाही. त्या भीतीने गप्प राहिल्या, आणि गप्प राहिल्यामुळेच नेमकं ते झालं.

पाच मजले, शहाऐंशी वर्षं आणि तो खुबा. नऊ दिवस त्या वर कोंडल्यासारख्या राहिल्या. वाळका कडक पाव, तपकिरी चीज, उकडलेले बटाटे. दूध संपल्यावर काळी कॉफी. रविवारी तुझा फोन आला तेव्हा म्हणाल्या, बाहेर फार निसरडं आहे ग, म्हणून घरातच आहे. खोटं नव्हतं ते, निसरडं होतंच. आणि मी तळमजल्यावर, लिफ्टच्या अगदी समोर राहतो. नऊ दिवस त्या लिफ्टमधून काकू बाहेर आल्या नाहीत आणि मला कळलं नाही. आपण दाराच्या भिंगातून जिना रिकामा आहे ना बघून मग बाहेर पडणारी माणसं. कोणी भेटलं नाही तर आपल्याला बरंच वाटतं. मलाही बरंच वाटलं असणार.

नवव्या दिवशी, बुधवारी, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. काकू जिन्याने निघाल्या. चौथा मजला उतरल्या आणि पुढच्या वळणावर खुब्याने दगा दिला. खाली जाववेना, वर चढवेना. पायरीवर बसल्या. तीन तास. हाक मारणं त्यांच्या स्वभावात नाही. तुला आठवतं, आपण दोघं आठ वर्षांचे असताना लिफ्टमध्ये अडकलो होतो, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये? मेकॅनिक येईपर्यंत काकू त्याच जिन्यात बसून दाराच्या फटीतून आपल्याशी बोलत होत्या. दालचिनीच्या बनचे चपटे तुकडे करून फटीतून आत सरकवत होत्या. या वेळी त्यांच्याशी बोलायला कोणी नव्हतं. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई कामावरून आल्या आणि त्यांनी अँब्युलन्स बोलावली. अँब्युलन्सवाल्यांनी विचारलं, आजी, लिफ्टने का नाही आलात? काकूंनी खरं ते सांगितलं. लिफ्ट मला ओळखत नाही, मी धुण्याला उशीर केला ना. झालं. तिथून ते वाक्य फायलीत गेलं आणि फायलीतून माणूस बाहेर येत नाही.

स्ट्रेचर जाताना मी जिन्यात होतो. काकूंनी मला पिशवी दिली, वर नेऊन ठेव म्हणाल्या. बिल्ला पिशवीलाच अडकवलेला होता. मी तो खांबाला टेकवला. लाल. पुसून पुन्हा टेकवला. लाल. माझा टेकवला, हिरवा. आपल्या लिफ्टने कोणाला हो म्हणायचं आणि कोणाला नाही, हे ठरवणारा प्रोग्रॅम कोण लिहितं ते तुला माहीत आहे. मी कौतुकाने सांगितलं होतं तुला, आपल्याच इमारतीचं काम आपल्याच कंपनीला मिळालं म्हणून.

इथे थोडं माझ्या धंद्यातलं ऐकून घ्यावं लागेल. पूर्वी जांभया द्यायचीस, आज देऊ नकोस. आम्ही आधी एक मूळ साचा बनवतो. माझ्या साच्याचं नाव 'रहिवासी'. त्याच्यापासून पुढचे साचे निघतात: गाडीची जागा घेतलेला रहिवासी, पोटभाडेकरू ठेवलेला रहिवासी, खाली दुकान असलेला रहिवासी. मूळ साच्यात जे आहे ते सगळं खालच्यांना वारशाने मिळतं, वर त्यांची आपली एखादी भर. लिफ्टला मी एकच प्रश्न शिकवला होता: हा बिल्लेवाला 'रहिवासी'च्या कुळातला आहे का? असेल तर जा. पहिल्यांदा मी हे पायथन नावाच्या भाषेत लिहिलं, ज्या भाषेवर मी पंधरा वर्षं पोट भरलं. पायथनचं म्हणणं असं की मूळ पुरुष स्वतःच्या कुळात धरलेलाच असतो. 'रहिवासी' हा 'रहिवासी'च्या कुळातला का? हो, म्हणजे काय, विचारायचं कशाला. मग आमची कंपनी स्टॉकहोमवाल्यांनी घेतली. त्यांचं सगळं पीएचपी नावाच्या दुसऱ्या भाषेत, म्हणून त्या मंगळवारी सकाळी मी ती ओळ पीएचपीत उतरवली. शब्दाला शब्द. आणि पीएचपीत तोच प्रश्न विचारला की ती उलट विचारते, तू त्याच्या पोटी आलायस का? स्वतःच्या पोटी कोणी येत नाही. म्हणून मूळ साच्याला उत्तर मिळतं, नाही. पोरंसोरं सगळी घरात आणि ज्याच्यापासून घर सुरू झालं तो दाराबाहेर. माहितीपुस्तकात हे लिहिलेलं आहे. मी उघडून बघितलं नाही. इतक्या साध्या प्रश्नाचं काय बघायचं, असं वाटलं. माझ्या बिल्ल्याने तपासून पाहिलं, हिरवा दिवा लागला, मी जेवायला गेलो. मी गाडीची जागा घेतलेला रहिवासी आहे.

एक्केचाळीस घरं आहेत आपली. चाळीस जणांनी बिल्ल्याच्या अर्जावर कुठे ना कुठे खूण केलेली: गाडी, सायकलची खोली, पोटभाडेकरू, काहीतरी. सगळे चौकोन कोरे ठेवणारी, म्हणजे मूळ साच्यातली, एकच बाई निघाली. अर्ज भरताना काकू माझ्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, अरे, मला यातलं काहीच नको, मी नुसती राहते, चालेल ना? मी म्हटलं होतं, चालेल की, न चालायला काय झालं. भिंतींचा रंग ओला असताना राहायला आलेली ती बाई, आणि माझ्या एका ओळीने तिला सांगितलं की तू इथली नव्हेस.

चूक अर्ध्या तासात सापडली. मशीन प्रत्येक दिव्याची नोंद ठेवतं. मी लावलेले शेवटचे दोन सोडून एकसष्ट लाल दिवे, सोल्वेग. पहिल्या दिवशी चौदा. मग अकरा, नऊ, नऊ, सात. रविवारी पाच, त्यातला एक दोन वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे तुझा फोन ठेवल्या ठेवल्या त्या परत जाऊन बघून आल्या होत्या. मग तीन. मग दोन. शेवटच्या दिवशी एक.

आणि मी ती ओळ दुरुस्त केली. त्याच दुपारी. एका शब्दाचं काम होतं. चूक दिसली की सुधारायची, तीस वर्षांची सवय, हात आपोआप गेला. साहेबाला कळवलं. आमचा साहेब पस्तिशीचा आहे, स्टॉकहोममध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकतो. म्हणाला, वा, झालं ना दुरुस्त, मग हे आता गिऱ्हाइकाला सांगत कशाला बसायचं? महिनाअखेरीला दोनशे इमारतींचं काम ठरतंय. आणि हेनिंग, तू सही केलेल्या कागदात गुप्ततेचं कलम आहे, वाचलंयस ना? ते मात्र मी वाचलं होतं. सत्तावन्न वय, गावात असलं काम देणारी दुसरी कंपनी नाही, दुसरं काही मला येत नाही. मी गप्प बसलो. मनाशी म्हटलं, काकू आठवड्यात घरी येतील, बिल्ला चालेल, विषय मिटेल. स्वतःची समजूत घालण्यात माणूस किती हुशार असतो बघ.

पण पुढच्या गुरुवारी तू आलीस, नगरपालिकेच्या बाईंना घेऊन. त्या बाईंना मी नावं ठेवत नाही, त्यांनी कोणीही शहाण्या माणसाने केलं असतं तेच केलं. म्हणाल्या, चला, करूनच बघू. तू काकूंचा बिल्ला खांबाला टेकवलास. हिरवा. लिफ्ट आली, टिंग करून दार उघडलं. तू परत टेकवलास. परत टिंग. तू म्हणालीस, आई तर म्हणते एकदाही चालला नाही. बाई म्हणाल्या, हो, ह्या आजारात असं होतं, त्यांना ते अगदी खरं वाटत असतं. मला हे शब्दन् शब्द कसं माहीत, असं विचारशील. मी माझ्या दाराआड उभा होतो, भिंगाला डोळा लावून. तू तो बिल्ला मुठीत धरून रडलीस ते मी पाहिलं. माझा हात कडीवर होता. एवढीशी कडी, ती मला उघडता आली नाही. एकोणिसाव्या वर्षी तू याच लिफ्टमध्ये मला म्हणाली होतीस की मी चाललेय, तू येतोस का. पाचव्यापासून तळमजला येईपर्यंत मला उत्तर सुचलं नव्हतं. तेवढाच शूर अजून आहे मी. चूक तशीच राहिली असती तर त्या दिवशी लाल दिवा लागला असता आणि तुझी आई आज आपल्या घरी असती. मी चूक सुधारली आणि काकू खोट्या ठरल्या.

तरी मी बोललो नसतो. हे तुझ्यापासून लपवत नाही. काल निघताना, तो उलटा लिहिलेला आकडा दाबून झाल्यावर, काकूंनी माझी बाही धरली. म्हणाल्या, हेनिंग, तू त्यातला माणूस आहेस, मला खरं सांग. मीच बिल्ला उलटा धरत असेन का रे? सोल्वेगने लावला तर लागला म्हणे. ती कशाला खोटं बोलेल. मला आता माझंच खरं वाटेनासं झालंय. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, असेल काकू, होतं असं कधी कधी. त्यांनी मान हलवली आणि रुमालात बांधलेली दोन बिस्किटं माझ्या हातात दिली, वाटेत खा म्हणून. बसमध्ये मी ती मांडीवर घेऊन बसलो होतो. माझ्या स्टॉपच्या पुढे दोन स्टॉप गेलो तरी उठता येईना.

म्हणून हे पत्र. आज सोमवार आहे. जलद टपालाने टाकतोय, बुधवारी सकाळी तुला मिळेल. नोंदींचे कागद सोबत आहेत, एकसष्टही ओळी, वेळेसकट. समितीला मी आज माझ्या नावाने सगळं लिहून दिलं आणि त्याची प्रत साहेबाला पाठवली. त्याला काय करायचं ते तो करेल. पण कागदावर भागायचं नाही. नगरपालिकेच्या बाईंनी जे डोळ्यांनी पाहिलं ते फायलीत गेलंय, तर आता डोळ्यांनीच पाहू देत. समितीचा होकार घेतलाय: गुरुवारी सकाळी दहा वाजता मी ती जुनी, चुकीची ओळ आपल्या लिफ्टला परत लावणार आहे. बाकी कोणाचं काही अडणार नाही, तेव्हाही अडलं होतं ते एकाच बाईचं. तू सही करू नकोस. बुधवारी संध्याकाळची गाडी पकड, त्या बाईंना बोलाव, आणि काकूंना तिथून घेऊन ये. या वेळी बिल्ला तू लावू नकोस, त्यांच्या हातात दे. लिफ्ट येणार नाही. लाल दिवा लागेल, आणि तो त्यांना आपल्या सगळ्यांच्या देखत बघू दे.

तुझाच, आणि तुझ्या आईचा अपराधी,
हेनिंग